केरळची सहल : गाडी आपली, मग घाई कोणाची?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आणि नाताळच्या आधी पंधरा दिवस एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. "डॉक्टर, आम्ही केरळला निघालोय. बाबांना बरोबर नेलं तर चालेल ना?" विचारणारा मुलगा असतो किंवा सून असते, आणि ज्यांच्याविषयी विचारले जाते ते बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी नाही म्हणेन की काय, अशी त्यांना धास्ती असते. बहुतेक वेळा मी हो म्हणतो. सत्तरीच्या माणसाने फिरायला जाऊ नये असे वैद्यकशास्त्र कोठेही सांगत नाही. फक्त हो म्हणण्यापूर्वी मी सहलीच्या कार्यक्रमाचा कागद मागून घेतो.

हा कागद साधारणपणे एकाच नमुन्याचा असतो. रेल्वेने किंवा विमानाने कोचीला उतरायचे. तेथे चालकासह ठरवलेली खासगी गाडी हजर असते. त्याच दिवशी मुन्नार गाठायचे, तेथे दोन रात्री काढायच्या. तिसऱ्या दिवशी थेक्कडीचे पेरियार अभयारण्य. चौथ्या दिवशी डोंगर उतरून अलेप्पी, म्हणजे आताचे अलप्पुळा, आणि रात्री हाउसबोटीत मुक्काम. पाचव्या दिवशी परत कोची. कोची ते मुन्नार सुमारे १३० किलोमीटर, मुन्नार ते थेक्कडी शंभरच्या आसपास, थेक्कडी ते अलेप्पी सुमारे १४० आणि शेवटचा टप्पा पन्नास-पंचावन्न. सगळे मिळून रत्नागिरी-मुंबई अंतरापेक्षा थोडे जास्त. कागदावर पाहिले तर यात विशेष काही नाही.

आता हाच कार्यक्रम शरीराच्या बाजूने वाचून पाहा. रत्नागिरीहून एर्नाकुलमपर्यंत रेल्वेत रात्र धरून अठरा-वीस तास जातात. उतरल्यावर दमट उकाडा. तेथून चार-पाच तास घाटाची वळणे आणि संध्याकाळी आपण जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर, थंडीत. दोन दिवसांनी त्याहून बरेच खाली थेक्कडीच्या जंगलात. आणखी एका दिवसाने कुट्टनाडात, जेथे भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली चालते. पाच दिवसांत तीन प्रकारची हवा, चार ठिकाणचे पाणी, चार बिछाने. तरुण माणसाला याचे काही वाटत नाही. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, गुडघे अशी गाठोडी बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला प्रत्येक बदलाची किंमत मोजावी लागते.

चाळीस माणसांच्या बसमधून कंपनीच्या सहलीला गेले की वेळापत्रक पाळावेच लागते. एकट्यासाठी बस थांबत नाही. उलट तेथे बरोबर एक जाणता माणूस असतो, कोठे कोणता दवाखाना आहे हे त्याला माहीत असते. खासगी सहलीत असा माणूस नसतो, पण गाडी आपली असते. हवी तेथे थांबवता येते, एखादे ठिकाण गाळता येते. नवल असे की जास्त पैसे मोजून स्वतंत्र गाडी करणारी आपली मंडळीच बसवाल्यांपेक्षा कडक वेळापत्रक पाळतात. "पैसे भरलेत, सगळं बघून घेऊ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की सहलीतल्या निम्म्या आजारांचे मूळ मला या वाक्यात दिसते.

छातीतले दुखणे आणि 'विरळ हवा'

माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगतो. वय सदुसष्ट, निवृत्त नोकरदार, रक्तदाबाची गोळी नियमित घेणारे, रोज सकाळी फिरायला जाणारे. मुन्नारजवळ एराविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे राजमला या भागात निलगिरी ताहर ही डोंगरी रानशेळी अगदी जवळून दिसते. उद्यानाच्या बसने वर जायचे आणि पुढे चढाची डांबरी वाट पायी चालायची. या गृहस्थांना चढावर छातीत दाब वाटला, दोन्ही हात जड झाले आणि थंडीतही घाम फुटला. कठड्यावर दहा मिनिटे बसल्यावर बरे वाटले. घरच्यांनी समजूत काढली, "उंचावर हवा विरळ असते, होतं असं." सहल पुढे चालू राहिली. तिसऱ्या रात्री, हाउसबोटीत, पहाटे दोनच्या सुमारास तोच दाब पुन्हा आला. बोट भातशेताच्या बांधाला बांधलेली, भोवती पाणी आणि अंधार, गाडीचा चालक शहरात झोपलेला. उजाडेपर्यंत ते बसून राहिले. दैव बलवत्तर म्हणून निभावले. गावी आल्यावर माझ्याकडे आले. कार्डिओग्राम पाहून मी त्यांना त्याच दिवशी कोल्हापूरला पाठवले. दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. आज ते बरे आहेत.

वाचकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. उंचीचा म्हणून जो त्रास होतो तो साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. लेहसारखी साडेतीन हजार मीटरवरची जागा असेल तर तो विचार करावा. मुन्नार दीड हजार मीटरच्या आसपास आहे. राजमला त्याहून उंच असले तरी अडीच हजारांच्या खालीच आहे. शेजारचे अनामुडी शिखर २,६९५ मीटर आहे, पण तेथे पर्यटक चढत नाहीत. म्हणजे मुन्नारच्या चढावर छाती भरून आली, धाप लागली, जबडा किंवा हात दुखू लागला, तर दोष हवेला देऊ नये. घरी सपाट रस्त्यावर जे दुखणे झाकलेले असते ते चढावर आणि थंडीत उघडे पडते. मधुमेही माणसाला तर दुखतही नाही; नुसता घाम, थकवा आणि धाप एवढेच होते.

अशा वेळी चालणे तेथेच थांबवावे, माणसाला बसवावे आणि बरे वाटले तरी त्याच दिवशी कार्डिओग्राम काढून घ्यावा. मुन्नारमध्ये चहामळ्यांमुळे उभे राहिलेले जुने रुग्णालय आहे, प्राथमिक उपचार तेथे होतात. मोठ्या सोयींसाठी मात्र घाट उतरूनच जावे लागते. म्हणून वेळ दवडणे परवडत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक तेथेही चालतो. छातीत दुखू लागल्यास ॲस्पिरिनची गोळी चावून घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. ज्यांना अल्सर आहे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांचे उत्तर वेगळे असू शकते.

डिसेंबर-जानेवारीत मुन्नारची रात्र कधी कधी गोठणबिंदूच्या जवळ जाते. कोकणातली माणसे स्वेटर विसरतात, कारण घरी तो लागतच नाही. दमेकऱ्यांनी पहाटेच्या धुक्यात फोटोंसाठी बाहेर पडू नये, आणि फवाऱ्याचे औषध डिकीतल्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवावे.

घाट, गोळ्या आणि जेवणाची वेळ

आंबा घाट चढताना ज्यांना मळमळते त्यांना नेरियामंगलम-अडिमालीचा रस्ता नक्की लागणार. गाडी लागू नये म्हणून घ्यायची प्रोमेथाझिनची गोळी निघण्यापूर्वी किमान अर्धा ते एक तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ती घेतल्यावर गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये आणि दोन वर्षांखालील मुलांना देऊच नये. पुढच्या सीटवर बसणे, दूरवर नजर ठेवणे, पोट तुडुंब किंवा अगदी रिकामे न ठेवणे आणि मोबाईल बंद ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मधुमेही माणसाचा खरा घोटाळा होतो तो जेवणाच्या वेळेमुळे. सकाळी नाष्ट्याआधी गोळी घेतलेली असते. कोचीहून निघताना कोणी म्हणते, "जेवू वाटेत कुठेतरी." मग चीयप्पाराचा धबधबा येतो, फोटो होतात, मसाल्याच्या बागेत तासभर जातो आणि दुपारचे तीन वाजतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी उतरते. हात थरथरतात, घाम येतो, चिडचिड होते, बोलणे असंबद्ध होते, आणि बाकीच्यांना वाटते घाट लागला. तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, मग पोटभर खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. माझा साधा नियम असा, की दुपारची जेवणाआधीची गोळी किंवा इन्शुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचे. हॉटेलवाला 'दहा मिनिटांत' म्हणाला यावर विसंबायचे नाही.

इन्शुलिन विमानाच्या मोठ्या सामानात टाकू नये, जवळच्या पिशवीत ठेवावे. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही ठेवू नये, गोठले की ते वाया जाते. रुंद तोंडाच्या थर्मासात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले की पाच दिवस सहज टिकते.

आणखी एका सवयीबद्दल लिहिलेच पाहिजे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि वृद्ध मंडळी लघवीची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्याने मूत्रमार्गाचा जंतुदोष होतो. दुसऱ्याने हृदय दुबळे असलेल्यांच्या पायावर सूज चढते आणि दोन दिवसांत धाप लागते. लघवीची गोळी बंद न करता तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावी, आणि दर दीड-दोन तासांनी चांगले हॉटेल किंवा पेट्रोलपंप दिसला की गाडी थांबवावी. थांबण्याचा दुसराही फायदा आहे. रेल्वेत आणि पाठोपाठ गाडीत पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसले की पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर तो पाय चोळू नये.

हे सांगायचे विशेष कारण आहे. थेक्कडीजवळ कुमिली गावात तेलाच्या मालिशची दुकाने रांगेने आहेत आणि प्रवासात आंबलेले पाय घेऊन आपली माणसे तेथे जातात. मालिशला माझा विरोध नाही. पण एका पायाची सूज असेल तर ती करू नये; गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मधुमेह्यांनी वाफेच्या पेटीत पाय भाजून घेऊ नयेत, त्यांना चटका कळत नाही. आणि तेल लावलेल्या पायांनी गुळगुळीत फरशीवरून उठून चालू लागणाऱ्या आजींना कोणीतरी हात द्यावा. खुब्याचे हाड मोडायला एवढे निमित्त पुरते.

चालकाविषयी दोन शब्द. त्याला रात्री झोपायला नीट जागा आहे का, हे आपण विचारतो का? पुष्कळदा तो गाडीतच झोपतो आणि सकाळी सहाला आपण त्याला घाटात नेतो. त्याच्या झोपेवर आपल्या सगळ्यांचे आयुष्य अवलंबून आहे. अंधार पडल्यावर घाटात प्रवास ठेवू नये. दिवाळीत तर दुपारनंतरही शक्यतो नको. आपल्याकडचा पाऊस संपला म्हणून तिकडचा संपत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस दुपारनंतर विजांसह कोसळतो. ६ ऑगस्ट २०२० रोजी राजमलाजवळच पेट्टिमुडी येथे दरड कोसळून ७० जणांचा बळी गेला, तो नैऋत्य पावसाचा काळ होता. जोराचा पाऊस लागला तर एक मुक्काम वाढवावा. खासगी गाडी करण्याचा उपयोग तोच.

जंगलात

पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही दिवस पेरियारच्या पायवाटांवर जळवा असतात. तेथे गुडघ्यापर्यंतचे खास मोजे मिळतात, ते जरूर घालावेत. जळू चिकटली तर घाबरून ओढू नये. नखाने तिच्या तोंडाची बाजू कातडीपासून हळूच सरकवावी, ती सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहते, कारण रक्त गोठू न देणारा रस ती सोडते. स्वच्छ कापडाने दाबून धरावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्त वेळ दाबावे लागते. जळवांमुळे रोग होतो ही भीती आपल्या देशात बाळगण्याचे कारण नाही. त्यापेक्षा गोचिडींची काळजी घ्यावी. माकडताप हा गोचिडीमुळे होणारा ताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि पुढे केरळात वायनाडपर्यंत आणि आपल्या शेजारी सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत पोहोचला. जंगलातून आल्यावर कपडे बदलावेत, आंघोळ करावी आणि मुलांच्या मानेवर, काखेत, केसांत बघून घ्यावे.

थेक्कडीची माकडे धीट आहेत. हातातला पुडा हिसकावताना ओरखडा किंवा चावा बसतो आणि "एवढंसं तर आहे" म्हणून हळद लावून सोडून देतात. माकडाच्या आणि कुत्र्याच्या चाव्यात अलर्क रोगाची शक्यता धरूनच चालावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी आणि लशीचा पहिला डोस त्याच दिवशी, तेथेच घ्यावा. रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे वेगळे औषधही लागते. गावी परतल्यावर बघू, असे करू नये. पुढच्या तारखा चिठ्ठीवर लिहून आणाव्यात, उरलेले डोस आपल्याकडे घेता येतात.

पेरियारचा तलाव हा मुळात धरणाचा फुगवटा. १८९५ साली मुल्लपेरियार धरण झाले आणि खोऱ्यात पाणी साठले. पाण्यातून वर आलेली वठलेली झाडे दिसतात ती तेव्हाची. याच तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची बोट उलटून ४५ जण बुडाले. मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी बोट उलटून २२ जण गेले. बोटीत पाऊल ठेवल्याबरोबर तरंगते जाकीट घालावे आणि बंद लावावेत. उकडते म्हणून मांडीवर घेऊन बसू नये. हत्ती दिसला की सगळ्यांनी एका बाजूला धाव घ्यायची नाही. मुलांच्या मापाचे जाकीट नसेल तर मूल घेऊन त्या बोटीत बसू नये.

हाउसबोटीत

पूर्वी भात वाहून नेणाऱ्या, काथ्याने शिवलेल्या मोठ्या होड्या असत. त्यांवर खोल्या बांधून आजच्या हाउसबोटी झाल्या. वेंबनाड तलावावरची ती संध्याकाळ खरोखर सुंदर असते. पण वैद्यकीय दृष्टीने सहलीतली सर्वांत एकाकी रात्र हीच असते. संध्याकाळी बोट कोठेतरी काठाला बांधतात आणि सकाळपर्यंत ती तेथेच असते. तेव्हा झोपण्यापूर्वी बोटीवरच्या माणसाला एक प्रश्न विचारावा: रात्री गरज पडली तर मोटार येऊ शकेल असा सर्वांत जवळचा धक्का कोणता, आणि तेथे जायला किती वेळ लागेल? त्या धक्क्याचे नाव लिहून घ्यावे आणि आपल्या चालकाचा नंबर घरातल्या प्रत्येकाकडे असावा. ज्यांना गेल्या काही दिवसांत छातीचा, धापेचा किंवा चक्कर येण्याचा त्रास झाला आहे त्यांनी दिवसा बोटीतून फिरून रात्री काठावर हॉटेलात झोपावे. या सल्ल्यावर मंडळी नाराज होतात, पण मी तो बदललेला नाही.

बोटीच्या कडेला कठडा बुटका असतो किंवा नसतोच, आणि फळ्या दवाने निसरड्या होतात. लहान मुलांवर एका मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचे, पाळीपाळीने. 'सगळे बघतायत' म्हणजे कोणीच बघत नसते. मद्य घेतलेल्याने कडेला बसू नये.

तलावात हाउसबोटींचे आणि काठच्या वस्तीचे सांडपाणी मिसळते. त्या पाण्याने चूळ भरू नये, फळे धुऊ नयेत, पायाला जखम किंवा भेग असेल तर त्यात उतरू नये. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येणारा लेप्टोस्पायरोसिस केरळात जुना आहे. २०१८ च्या महापुरानंतर त्याची साथ आली होती. आपल्याकडे मुंबईत २००५ च्या पुरानंतर आली होती तशीच. नुसते बोटीत बसून हा रोग होत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांनी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात असे मी म्हणणार नाही.

दुसरा रोग फार विरळ, पण जिवावरचा. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. केरळातला याचा पहिला रुग्ण २०१६ साली अलप्पुळ्यातच आढळला, आणि २०२४ व २०२५ मध्ये त्या राज्यात असे बरेच रुग्ण सापडले. हे पाणी पोटात गेल्याने हा रोग होत नाही, नाकात गेल्याने होतो. तेव्हा तळ्यात, डबक्यात, कालव्यात सूर मारू नये आणि मुलांना डुंबू देऊ नये.

खाण्यापिण्याचे फार लिहीत नाही. भात, मासे आणि नारळ आपल्याला नवे नाहीत, आप्पे खाणाऱ्याला अप्पम परका वाटत नाही. फक्त पाण्याविषयी सांगतो. तिकडच्या खाणावळीत कोमट, गुलाबी रंगाचे पाणी देतात. ते बघून आपली माणसे नाक मुरडतात आणि गार पाणी मागतात. तो रंग पतंगाच्या लाकडाचा असतो, ते टाकून पाणी उकळतात. उलट तेच पिण्यासारखे. अट एकच, उकळलेल्या पाण्यात वरून गार पाणी ओतून ते कोमट केलेले नसावे. 'अ' प्रकारची कावीळ अशाच पाण्यातून पसरते, २०२४ मध्ये एर्नाकुलम आणि मलप्पुरम जिल्ह्यांत तिचे मोठे उद्रेक झाले होते. जुलाब लागले तर क्षारसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी एकाच वेळी विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

औषधांची यादी कंपनीच्या नावांऐवजी मूळ नावांनी, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवावी. ती तिकडच्या डॉक्टरांना वाचता येते. चार शब्द पाठ असावेत. मल्याळममध्ये 'पनी' म्हणजे ताप. त्यामुळे तहानेने 'पाणी पाणी' म्हणणाऱ्या आपल्या माणसाच्या कपाळाला कोणी हात लावून पाहिला तर रागावू नये. पाण्याला तिकडे 'वेळ्ळम' म्हणतात. 'एलिप्पनी' म्हणजे उंदराचा ताप, लेप्टोस्पायरोसिस. दवाखाना म्हणजे 'आशुपत्री'. 'वेदना' मात्र आपलीच, आणि 'नेंजुवेदना' म्हणजे छातीतले दुखणे.

परत आल्यावर

सहलीचा हिशेब स्टेशनवर उतरल्यावर संपत नाही. गावी आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की अमुक तारखेला आम्ही जंगलात होतो, अमुक तारखेला बोटीत होतो. डॉक्टर विचारतीलच असे धरून चालू नये. साथीच्या दिवसांत दवाखान्यात दाटी असते. या तारखांवरून निदानाची दिशा ठरते. माकडतापाचा आणि डेंग्यूचा ताप साधारण आठ-दहा दिवसांच्या आत येतो. लेप्टोचा बहुधा पहिल्या पंधरवड्यात, क्वचित महिन्यापर्यंत. त्यात पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात आणि लघवी कमी होऊ लागली तर प्रकरण गंभीर असते. पाण्यात डुंबलेल्या मुलाला बारा दिवसांच्या आत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या आणि मान ताठ असे झाले तर एक तासही थांबू नये. काविळीचा जंतू मात्र दोन आठवड्यांपासून सात आठवड्यांपर्यंत दबा धरतो. सहल विसरून गेल्यावर अन्नावरची वासना उडते आणि लघवी गडद होते.

निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज दुसरी गोळी घरी घेऊ नये. अंग फार दुखते म्हणून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन मागून घेऊ नये. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि लेप्टो असेल तर आधीच ताण पडलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो.